टेम्पोवाल्याचे नाव काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लग्नघरात आपण एका आचाऱ्याला विसार देतो. तो वाढपी आणतो, वाढप्यांचा मुकादम भांडी ठरवतो, भांडीवाला टेम्पो सांगतो. त्या टेम्पोवाल्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते. पण तो आला नाही, तर पंगत आपलीच खोळंबते! श्रोतेहो, मी ज्या संगणकाच्या आज्ञावली लिहितो, त्यांचे अगदी असेच आहे.

आज कोणतीही मोठी आज्ञावली पहिल्या ओळीपासून कोणी लिहीत नाही. तारीख मांडणे, चित्र लहान करणे, अशा कामांसाठी इतरांनी लिहिलेले तयार भाग आम्ही घेतो. त्यांना पॅकेज म्हणतात. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, दुसरे तिसऱ्यावर. ही सगळी साखळी शोधून प्रत्येक पॅकेज जागच्या जागी आणून ठेवतो, तो पॅकेज मॅनेजर. जावास्क्रिप्ट या भाषेसाठी 'एनपीएम' नावाचा पॅकेज मॅनेजर सर्रास वापरतात.

आता अडचण पाहा. आचाऱ्याला गाईचे तूप हवे, मिठाईवाल्याला म्हशीचे. तसेच दोन पॅकेजेसना तिसऱ्याच एका पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागतात. एनपीएमने सुरुवातीला सोपा मार्ग काढला: ज्याचा डबा त्याच्यापाशी. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर. भांडण मिटले, पण एकाच पॅकेजच्या अनेक प्रती साचू लागल्या आणि फायलींचे पत्ते इतके लांबले, की विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडू लागले. म्हणून २०१५ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून शक्य तेवढी पॅकेजेस वरच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवली जाऊ लागली. ज्याचे जमत नाही, तेवढ्यालाच वेगळा डबा.

पण मांडणी सुधारली, तरी परावलंबन राहिलेच. २२ मार्च २०१६ रोजी 'लेफ्ट-पॅड' नावाचे पॅकेज त्याच्या लेखकाने, नावावरून झालेल्या एका वादानंतर, काढून घेतले. त्यात अवघ्या ११ ओळी होत्या. शब्दाच्या डावीकडे ठरावीक जागा भरणे, एवढेच त्याचे काम. तरी जगभरातल्या असंख्य प्रकल्पांची उभारणी थांबली. काही तासांतच एनपीएमने ते परत ठेवले आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले.

माझाही एक धडा सांगतो. माझ्या संगणकावर उत्तम चालणारी आज्ञावली ग्राहकाच्या संगणकावर चुकीच्या तारखा दाखवू लागली. एक अख्खी रात्र गेली. माझ्या ओळींत चूक नव्हती. साखळीत चार पायऱ्या खाली असलेल्या, मी कधी नावही न ऐकलेल्या पॅकेजची नवी आवृत्ती त्याच्याकडे उतरली होती. 'ही किंवा हिच्यानंतरची' अशी मोघम मागणी केली, की असे होते.

यावर उपाय म्हणजे 'लॉक फाइल'. २०१७ पासून एनपीएम ती आपोआप तयार करते. साखळीतल्या प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि आतला मजकूर बदललेला नाही हे ताडण्यासाठी त्याचा अंकीय ठसा, दोन्ही तिच्यात नोंदलेले असतात. किराण्याच्या यादीत नुसते 'तूप' न लिहिता कोणते, किती, कुठले, हे लिहावे, तसे. मात्र यादी करून दुकान उघडे राहील, याची हमी मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामात पॅकेजेसची एक प्रत मी स्वतःपाशीही ठेवतो.

नव्याने या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना माझे एकच सांगणे आहे. दुसऱ्याच्या श्रमांवर उभे राहण्यात कमीपणा नाही. पण महिन्यातून एकदा ती यादी उघडून वाचावी. टेम्पोवाल्याचे नाव आपल्याला माहीत असावे.