रोग नसतानाची तपासणी

मीही डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला. नाडी दाखवायला कुणी हात पुढे करू नका. तरी हा विषय घेतोय, कारण त्यात ‘माहीत असणं’ म्हणजे काय हा प्रश्न आहे.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात, अधिवृक्क ग्रंथी. त्यांच्या गाभ्यात अ‍ॅड्रेनालिन तयार होतं. तिथं फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ झाली की डोकं ठणकतं, घाम सुटतो, छाती धडधडते, बीपी एकदम चढतं. कधी मात्र गाठ गप्प बसते आणि बाळंतपणात किंवा दुसऱ्याच ऑपरेशनच्या भुलेत उसळते. मग जिवावर बेततं.

बहुतेकांना ती आनुवंशिक नसते, पण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अंतःस्राव विभागाने दीडशे रुग्णांची जनुकं तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांत जन्मजात दोष सापडला. त्यात सगळ्यात जास्त व्हीएचएल, म्हणजे व्हॉन हिपेल-लिंडाऊ. याचं जनुक 1993 साली सापडलं. यात डोळ्याच्या पडद्यावर, मेंदूत, मणक्यात, मूत्रपिंडातही गाठी होतात. आईबापांपैकी एकाला दोष असेल तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी.

आता समजा, पवनीकडचं एक घर आहे. बापाला व्हीएचएल निघालं. घरात दोन मुलं, एक लग्नाची मुलगी. आजी म्हणते, “काहून तपासता बापा? पोरीचं लग्न कसं होईन?” आजीला अडाणी म्हणू नका. तिचा प्रश्न खरा आहे: ही माहिती कुणाची, आणि ती बाहेर फुटली तर किंमत कोण मोजणार?

पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडा. बापातला नेमका दोष कळला असला, की मुलांत तेवढाच शोधायचा असतो. खर्च कमी लागतो. तो नाही निघाला, तर ते लेकरू या तपासण्यांतून जन्मभरासाठी सुटलं. हे सुटणं कुणी मोजतच नाही! निघाला, तर साधारण पाचव्या वर्षापासून दरवर्षी रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन्स तपासायची. रक्त घेण्याआधी वीस-तीस मिनिटं आडवं पडून राहायचं, नाहीतर आकडा उगाच चढतो. पुढे पोटाचं एमआरआय.

मोठ्या माणसाला ‘मला नाही जाणून घ्यायचं’ म्हणायचा हक्क आहे, असं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पाच वर्षांच्या पोराच्या बाबतीत तो हक्क त्याच्या वतीने बापाने वापरावा, हे मला पटत नाही. वेळेत सापडलेली गाठ काढता येते. आधी काही दिवस अल्फा ब्लॉकर गोळ्यांनी बीपी आवरतात, मग दुर्बिणीतून ऑपरेशन.

आणि मुलीचं म्हणाल तर दिवस राहण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी. सासरी काय सांगायचं ते मग ती ठरवेल, आजी नाही.