पेन बाहेर, पेन्सिल आत : मध्ययुगावर पीएचडी करणाऱ्यांचा दिवस नेमका जातो कसा?

पेन बाहेर. पाण्याची बाटली बाहेर. बॅग लॉकरमध्ये. सोबत फक्त पेन्सिल, वही, लॅपटॉप.

ही विमानतळावरची तपासणी नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या ग्रंथालयांत जुनी हस्तलिखितं वाचायला जाणाऱ्याची सकाळ साधारण अशीच सुरू होते. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात तर सभासद होताना एक प्रतिज्ञाच घ्यावी लागते. तिच्यात 'ग्रंथालयात आग किंवा ज्योत पेटवणार नाही' असंही एक वचन आहे. ऐकायला गंमत वाटते, पण १७३१ मध्ये लंडनच्या अ‍ॅशबर्नहॅम हाऊसला आग लागली आणि 'बेओवुल्फ' या काव्याची जगातली एकमेव जुनी प्रत कडांनी होरपळली. तेव्हापासून तिच्या कडांवरची अक्षरं तुकड्यातुकड्यानं गळत गेली. म्हणजे हे वचन उगाच नाही.

आता सिनेमातले पांढरे हातमोजे विसरा. चामड्याच्या पानांची हस्तलिखितं बहुतेक ठिकाणी धुतलेल्या, कोरड्या हातांनीच हाताळतात. मोजे घातले की बोटांना पानाचा अंदाज येत नाही आणि पान फाटायची भीती वाढते. ही पानं वासराच्या किंवा मेंढीच्या कातड्याची असतात. निरखून पाहिलं तर केसांच्या बाजूचं पान थोडं पिवळट दिसतं आणि त्यावर केसांची बारीक छिद्रंही सापडतात.

एक शब्द, पंधरा रेघा

खरी कसरत वाचताना सुरू होते. मध्ययुगातल्या 'गॉथिक' वळणात आय, एन, एम, यू ही सगळी अक्षरं सारख्याच छोट्या उभ्या रेघांनी काढली जात. लॅटिनमधला 'मिनिमुम' हा शब्द घ्या. तो लिहायला ओळीनं पंधरा रेघा आणि आयवर टिंब बहुतेकदा नाहीच! कुठे एन संपलं आणि कुठे यू सुरू झालं, हे संदर्भावरून ओळखायचं. शिरोरेघ आधी ओढून, शब्दांत जागा न सोडता लिहिलेलं मोडी पत्र ज्यांनी वाचलंय, त्यांना ही डोकेदुखी वेगळी सांगायला नको.

त्यात कातडं महाग, म्हणून लेखनिक शब्द छाटून लिहीत. 'पी'च्या शेपटीवर आडवी रेघ मारली की 'पर', शेपटीला वळसा दिला की 'प्रो', डोक्यावर रेघ दिली की 'प्राय'. अशा हजारो खुणांचा कोश आद्रिआनो कापेल्ली या इटालियन अभिलेखपालानं १८९९ मध्ये छापला. आजही तो विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतो. एखाद्या दिवशी आठ तास बसून अर्धं पान हाती लागतं, आणि तोही दिवस वाया गेला असं कुणी म्हणत नाही.

तारीख आहे, पण कोणत्या वर्षाची?

आपल्याकडे गावात कुणी म्हणतं ना, 'दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी', तसंच तिथले कागद एखाद्या संताच्या सणावरून दिवस सांगतात. वर्ष सांगायचं ते राजाच्या कारकिर्दीचं. त्यातही इंग्लंडचा राजा जॉन म्हणजे कहर. त्याचा राज्याभिषेक १२ हजार भानगडींच्या नव्हे, एकाच सणाच्या दिवशी झाला, पण तो सण म्हणजे 'असेन्शन डे' आणि तो ईस्टरप्रमाणे दरवर्षी सरकतो. मग राजाचं वर्षही सरकायचं! त्याचं १६ वं वर्ष ८ मे १२१४ ला सुरू झालं आणि २७ मे १२१५ ला संपलं. म्हणजे एकाच वर्षात '१७ मे' दोनदा.

यानं काय बिघडतं? १७ मे १२१५ ला बंडखोर सरदारांनी लंडन ताब्यात घेतलं आणि महिनाभरात राजाला 'मॅग्ना कार्टा' मान्य करावा लागला. त्या तारखेचं पत्र बंडाच्या ऐन धामधुमीतलं की वर्षभर आधीचं, यावर अख्खा प्रबंध फिरू शकतो. अशा वेळी विद्यार्थी पत्र कुठून लिहिलंय ते बघतो. मे १२१४ मध्ये जॉन फ्रान्समध्ये लढत होता. गाव फ्रान्समधलं निघालं, तर वर्ष १२१४.

संध्याकाळ जाते भाषांमध्ये. लॅटिन तर हवीच, शिवाय जुनं संशोधन वाचायला फ्रेंच आणि जर्मनही.

आणि पैसे? ब्रिटनमध्ये सरकारी संशोधन निधीतून मिळणारी किमान वार्षिक शिष्यवृत्ती २०२४-२५ साली १९,२३७ पौंड होती. ऑक्सफर्ड-लंडनची घरभाडी पाहता ती पुरवून पुरवून वापरावी लागते, आणि ती सगळ्यांना मिळतही नाही. पुढे नोकरी मिळेलच असंही नाही. २०२१ मध्ये लेस्टर विद्यापीठानं इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून मध्ययुगीन साहित्य काढून टाकण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा या मंडळींच्या पोटात गोळा आला तो उगाच नाही.

धक्का दुसरीकडूनही बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. ग्रंथालयानं खंडणी दिली नाही, पण हस्तलिखितांची डिजिटल छायाचित्रं महिनोन्‌महिने गायब झाली. घरी बसून स्क्रीनवर पानं वाचणाऱ्यांचे प्रबंध मध्येच अडकले. प्रबंधाची मुदत मात्र चालूच होती. आठशे वर्षं टिकलेलं कातडं कपाटात सुरक्षित होतं, फक्त त्याचा फोटो उघडत नव्हता.

दर जुलैत हे सगळे लीड्समध्ये भेटतात. १९९४ पासून तिथं मध्ययुगाच्या अभ्यासकांची मोठी परिषद भरते. दिवसभर निबंध वाचन, रात्री चक्क नाच. आणि सोमवारी पुन्हा लॉकर, पेन्सिल, अर्धं पान.