तळ्याकाठचे घर आणि लहान मूल

धारचा मुंज तलाव वा देवासचा मीठा तलाव यांच्या परिसरात घर घेताना पालक सहसा डासांविषयी विचारतात. वस्तुतः डेंग्यूचा डास प्रामुख्याने घरच्या कूलर-टाक्यांतील साठलेल्या पाण्यात वाढतो. त्याचा बंदोबस्त कुठल्याही वस्तीत करावाच लागतो. अधिक गंभीर प्रश्न काठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले. त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. नुकते चालू लागलेले मूल काही मिनिटांतच, बहुधा आवाज न होता बुडते. म्हणून जागा भर पावसाळ्यात पाहावी. पाणी कुठवर चढते, काठाला कठडा आहे काय, अंगणाला मुलाच्या हाताने न उघडणारे फाटक बसविता येईल काय, हे तपासावे. ते शक्य नसल्यास, मूल जाणते होईपर्यंत तेथील घराचा विचार लांबणीवर टाकणेच श्रेयस्कर.