भीमेच्या फुगवट्यावरची मासेमारी

समुद्र, खाडी किंवा मोठा जलाशय यांवर चालणारा व्यवसाय टिकायचा असेल, तर पाण्यात दरवर्षी जेवढे नव्याने तयार होते तेवढेच काढावे लागते आणि ते तयार होण्याची जागा शाबूत ठेवावी लागते. सागरी अर्थकारणाचा हा पहिला नियम पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंडसारख्या समुद्रापासून दूरच्या तालुक्यांनाही लागू आहे. उजनी धरणात 1980 मध्ये भीमा अडली आणि फुगवट्याचे पाणी दौंडच्या पूर्व टोकापर्यंत, खानोट्याच्या परिसरात आले. जमिनी बुडाल्या. पिढीजात मासेमारी करणाऱ्या भोई समाजाबरोबर काही विस्थापित शेतकऱ्यांनीही जाळे हाती घेतले.

या व्यवसायाला अनुकूल गोष्टी बऱ्याच आहेत. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे, त्यामुळे कालवे बंद झाले तरी मासळीला पाणी उरते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली जलाशयात सोडली जाते. भिगवणचा मासळी बाजार पुणे-सोलापूर महामार्गालगत असल्याने माल त्याच दिवशी शहरात पोहोचतो. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पर्यटक येतात आणि मासेमारांच्या होड्यांना दुसरे उत्पन्न मिळते. जाळ्यावरचा ताण कमी करणारे असे उत्पन्न फार मोलाचे असते.

अडचणींची सुरुवात पाण्याच्या दर्जापासून होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. (औद्योगिक वसाहतीचे रांजणगाव गणपती ते वेगळे.) सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते, खालच्या पाण्यातला प्राणवायू घटतो आणि जाळी गुंततात. कमी प्राणवायूत तग धरते ती चिलापी. मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विणते आणि तिला वाहत्या पाण्याचीही गरज नसते. कटला-रोहूचे तसे नाही. पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात आणि नदीत अंडी घालतात. नेमक्या त्याच दिवसांत, पोटात गाभोळी असताना, ते पकडले जातात. एका मोठ्या मादीबरोबर लाखो अंडी जातात, म्हणून या काही आठवड्यांची राखण वर्षभरातल्या कुठल्याही निर्बंधापेक्षा महत्त्वाची आहे. बारीक आसाची वडाप जाळी उरलेली पिल्लेही ओढून नेतात.

वाळूउपशाने आणखी एक घाव घातला. यांत्रिक बोटींनी पात्र खरवडले की तळाचे जीव आणि विणीच्या जागा दोन्ही जातात. महसूल खाते बोटी पकडते, जिलेटिनने उडवते, तरी उपसा पुन्हा सुरू होतो. मांगूर हे तिसरे संकट. मांसाहारी आफ्रिकन मांगूर पाळण्यास देशात 2000 पासून बंदी आहे. त्याची तळी नष्ट करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिला. कोंबड्यांच्या टाकाऊ मांसावर वाढणारा, हवेतूनही श्वास घेणारा हा मासा तळ्यातून नदीत उतरला की स्थानिक जातींवर तुटून पडतो.

दुष्काळात धरण ‘मायनस’मध्ये जाते. 2024 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. अशा वेळी आकसलेल्या पाण्यात मासळी दाटते, भरपूर मिळते, आणि पुढच्या हंगामाची बीजमासळीही त्यातच संपते.

मासळीचे बीज राखण्याची हीच कोंडी कोकणच्या समुद्रातही आहे. तिथे 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, जून-जुलैत बंदी असते, 2016 मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले आणि 2017 मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या मासेमारीला मनाई केली. तरीही गस्तीच्या नौका अपुऱ्या पडल्या की नियम कागदावर राहतात आणि पारंपरिक मच्छीमार व यांत्रिक नौका यांच्यात संघर्ष पेटतो. मासळी वेळीच न राखल्याने कॅनडाने 1992 मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी बंद केली, तेव्हा हजारो लोकांचा रोजगार एकदम गेला. मासळी संपत आल्यावर घातलेली बंदी गरिबांनाच सर्वांत महाग पडते.

भीमेवरची खरी अडचण अधिकारांच्या वाटणीत आहे. पाणी जलसंपदा खात्याचे, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची, वाळू महसूलची, सांडपाणी महापालिकांचे आणि प्रदूषणावर देखरेख नियंत्रण मंडळाची. ज्याचा रोजगार पाण्यावर आहे, त्या मासेमाराला यांपैकी एकाही निर्णयात जागा नाही. पुण्यात जपानच्या अर्थसाहाय्याने 11 सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना आहे. तिची एकत्रित क्षमता रोज 396 दशलक्ष लिटर ठरली असून कर्जाचा करार 2016 मध्ये झाला, पण काम बरेच रखडले. ही केंद्रे पूर्ण क्षमतेने चालणे, चढणीच्या काळात नदीपात्रात जाळे न टाकणे आणि टंचाईत बीजमासळीपुरते पाणी राखून ठेवणे या तीन गोष्टी एकत्र झाल्या, तरच सोडलेल्या बोटुकलीचा खर्च भरून निघेल.