मंद आचेची जिलबी

जबलपूरच्या कमानिया गेटपाशी सकाळी रिक्षा, सायकली, हातगाड्या एकाच वेळी वाट मागत असतात. माझी मैत्रीण त्या गर्दीतून माझा हात धरून सरळ बडकुलांच्या दुकानासमोर नेऊन उभी करते. तिचं घर चार पिढ्या इथलं. पणजोबा तोफांच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आले आणि राहिले. तिचं मराठी शुद्ध आहे, पण खाण्याचे शब्द सगळे इथले. मी पाक म्हणते, ती चाशनी. मी खवा म्हणते, ती खोवा.

"आधी बघ, मग खा," ती म्हणाली.

भट्टीवर उथळ, सपाट बुडाची कढई. कारागिराच्या मुठीत फडक्याची पुरचुंडी, तिला खाली एक भोक. मनगट फिरतं आणि तुपात जाडसर कडं पडतं, त्यात दुसरं, मग शेवटचा आडवा फरकाटा. आपल्याकडची जिलबी नाजूक, नळीसारखी पोकळ. ही बोटभर जाड. मैद्याचं पीठ रात्रभर आंबवायचं असतं, त्या आंबटपणावर पाक खुलतो. इथे आंबवणं नाहीच. खवा आणि आरारूट मळून, सैल करून लगेच कामाला घ्यायचं. किलोभर खव्याला म्हशीचं साधारण पाच लिटर दूध आटतं, म्हणजे खरी वाट बघणं आधीच होऊन गेलेलं असतं.

मला वाटलं होतं, कौशल्य त्या फिरणाऱ्या मनगटात आहे. अर्धा तास उभी राहिले तेव्हा कळलं की कारागिराचं लक्ष हातापेक्षा आचेवर जास्त आहे. खव्यात धरून ठेवणारं काही नसतं. वेढे एकत्र राहतात ते आरारुटाच्या जोरावर. तूप फार तापलं तर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं, निवलं तर जिलबी तुपात पसरते. म्हणून तो मधूनच आच कमी करतो, झाऱ्यानं तूप हलवतो, थांबतो. जिलब्या पिवळ्या होतात, मग तांबूस, मग थेट गुलाबजामसारख्या गडद. मी "जळतायत" म्हणणार होते. मैत्रिणीनं मान हलवली. दुधातली साखर आणि प्रथिनं मंद आचेवर भाजली गेली की हाच रंग येतो. केशरी रंगाची सवय असलेल्या डोळ्यांना तो पटायला वेळ लागतो.

गडद झाल्या की त्या पाकात जातात. कडक कवच नसल्यामुळे पाक आतवर मुरतो.

हरप्रसाद बडकुल यांनी ही जिलबी १८८९ मध्ये सुरू केली, असं शहर अभिमानानं सांगतं. शेजारचं कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण आहे. सुभाषबाबू तापानं फणफणलेले असताना त्या अधिवेशनाला आले होते. म्हणजे गेट उभं राहिलं तेव्हा जिलबीला पन्नास वर्षं झाली होती. मला हा हिशेब फार आवडला. आपण इमारतींच्या तारखा जपतो, कढईच्या नाही.

पानाच्या द्रोणात चार जिलब्या आल्या. गरम. पहिला घास जिलबीचा लागतच नाही. बाहेर किंचित कुरकुर, आत दाणेदार, आटलेल्या दुधाची भाजकी चव. गोडी मागाहून येते. मैदा नसल्यामुळे इथे ती उपासालाही चालते. मैत्रिणीच्या आजीची एकादशी या दुकानावरून जायची. आजी घरी दोनच आणायची. एक स्वतःसाठी, एकीचे तुकडे नातवंडांसाठी.

"तुकडा छोटा असायचा गं," मैत्रीण म्हणाली, "म्हणून मी तो चघळत बसायची, संपू नये म्हणून."

आम्ही तीन संपवल्या. चौथी द्रोणात राहिली, दोघींपैकी कोणीच हात लावेना. शेवटी तिनं ती मधोमध मोडली. पाकाची तार दोन तुकड्यांमध्ये ताणली गेली, तिनं ती बोटानं तोडली आणि मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. आत कारागिरानं फडकं पिळून पुन्हा भरलं होतं आणि आच किंचित कमी केली होती.