पेनचे आटे

फौंटनपेन उघडून पाहू या. मागची नळी आणि निबेचा भाग फिरवला, की सुटतात. ही करामत आट्यांची. काही पेनांत शाई थेट नळीतच भरतात. आटे सैल असले, तर शाई गळते आणि सदरा खराब होतो.

म्हणून पेन करताना आधी माप ठरवावे लागते. समजा, आपल्याला १० मिलिमीटर मापाचे आटे हवेत. एका आट्यापासून दुसऱ्या आट्याचे अंतर १ मिलिमीटर आहे. १० मधून १ वजा करू. राहिले ९. नळीला ९ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडायचे. मग आत टॅप फिरवून आटे कापायचे.

१० चेच भोक पाडले तर? टॅपला कापायला काही उरतच नाही. फारच लहान पाडले तर? टॅप अडतो. जोर लावला, की नळी तडकते.

निबेच्या भागाचे टोक १० पेक्षा किंचित बारीक कातायचे. ९.९ केले तरी चालते. त्यावर डाय फिरवून बाहेरचे आटे पाडायचे.

आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहावे. कागदावरची चूक खोडता येते. मोठे झालेले भोक काही लहान होत नाही.