हेल हरवलेली वाचा

मावशीच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एका गोष्टीवर समाधान मानलं: वाचा शाबूत राहिली. शब्द स्पष्ट होते, माणसांची नावं आठवत होती, भाजीचा हिशेबसुद्धा बिनचूक. दोन महिन्यांनी तिची सून मला म्हणाली, "ताई, आई बदलल्या हो. थोरल्याला नोकरी लागली म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, 'बरं झालं.' बस. दूधवाल्याला सांगावं तसं."

फोनवर मीही ते ऐकलं होतं. पूर्वी मावशीच्या 'बरं'चे कितीतरी प्रकार असत. लाडाचं वेगळं, बजावण्याचं तुटक, संशय आला की लांबवलेलं. आता एकच उरलं होतं. आम्ही त्याला कोरडेपणा म्हटलं, आजारपणाचा वैताग म्हटलं. मेंदूला इजा झाली की शब्द जागेवर राहून नुसता सूर जाऊ शकतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. या अवस्थेला 'अप्रॉसोडिया' म्हणतात.

1979 मध्ये एलियट रॉस आणि मार्सेल मेसुलम या अमेरिकी मेंदूतज्ज्ञांनी अशा दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतली एक शाळेत शिक्षिका होती, चाळिशीच्या आतली. मावशीसारखाच तिलाही मेंदूच्या उजव्या बाजूला पक्षाघात झाला, त्यातून ती बरी झाली आणि वर्गावर परतली. शिकवण्यात चूक नव्हती, पण मुलं ऐकेनात. ती रागावली आहे हे त्यांना कळतच नव्हतं. घरी पोटच्या मुलांचंही तेच. राग आत पुरेपूर होता, आवाजात मात्र तो उतरत नव्हता. शेवटी तिने स्वतःच एक तोड काढली. वाक्य बोलून झालं की ती पुढे शब्दांत सांगायची, की मी आत्ता रागावले आहे आणि हे खरोखर सांगते आहे. आवाजाने फुकट होणारं काम तिला दर वेळी शब्द खर्चून करावं लागत होतं.

वाचेचा संबंध आपण मेंदूच्या डाव्या बाजूशी जोडतो, त्याला इतिहास आहे. 1861 मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी तपासलेला रुग्ण जवळजवळ 'तां' एवढंच म्हणू शकत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. मला त्या हकीकतीतली दुसरी बाजू जास्त हलवते. शब्द गेले होते, पण त्याच एका अक्षराला तो वेगवेगळा सूर लावी आणि हातवारे करून आपलं म्हणणं पोचवी. मावशीच्या नेमकं उलट.

रॉस यांनी 1981 मध्ये हेच उलटं चित्र पद्धतशीर मांडलं. डाव्या बाजूला शब्द उच्चारण्याचा भाग पुढे आणि समजून घेण्याचा भाग मागे असतो. जवळपास तशीच मांडणी उजव्या बाजूला भावनेच्या सुरासाठी असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या भागाला इजा झाली तर स्वतःचा आवाज सपाट होतो. मागच्या भागाला झाली तर दुसऱ्याच्या आवाजातला राग किंवा रडू ओळखू येत नाही. 1975 मध्येच केनेथ हाइलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं, की उजव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना वाक्य कळतं, पण ते कोणत्या भावनेने म्हटलं हे सांगता येत नाही. पुढच्या अभ्यासांतून हे चित्र गुंतागुंतीचं झालं. मेंदूच्या खोल भागातली केंद्रंही सुरात भाग घेतात. म्हणून तर पार्किन्सनच्या रुग्णांचा आवाज हळू आणि एकसुरी होत जातो.

सूर म्हणजे तरी काय? स्वरयंत्रातले पडदे पुरुषांमध्ये साधारणपणे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा कंप पावतात, स्त्रियांमध्ये दोनशेच्या आसपास. या कंपनांचा चढ-उतार, जोर, वेग आणि मधले विराम मिळून बोलण्याचा हेल होतो. तैवानमध्ये बोलल्या जाणाऱ्या भाषेत तर सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. 1987 मध्ये तिथल्या रुग्णांचा अभ्यास झाला. उजव्या बाजूच्या इजेनंतर शब्दाचे अर्थ सांगणारे सूर त्यांच्याकडे टिकून होते, भावनेचा रंग मात्र उतरला होता. एकच गळा, पण दोन कामांची सूत्रं वेगवेगळ्या हातांत.

सुराचं मोल आपल्याकडे फार पूर्वी ओळखलं गेलं. भरताच्या नाट्यशास्त्रात आवाजाची उर, कंठ आणि शिर ही तीन स्थानं सांगितली आहेत आणि उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित असे सहा अलंकार. आवाजाच्या या वळणाला काकू म्हणतात. "तू मोठा शहाणा!" हे कौतुक की टोमणा, ते काकूच ठरवते.

सूर जाण्याऐवजी बिघडला तर काय होतं, ते नॉर्वेत दिसलं. सप्टेंबर 1941 मध्ये ओस्लोवरच्या विमानहल्ल्यात बॉम्बचा तुकडा लागून एका तरुणीच्या मेंदूला डाव्या बाजूला जखम झाली. ती वाचली, हळूहळू बोलूही लागली, पण तिची नॉर्वेजियन परक्या वळणाची झाली. ऐकणाऱ्याला ती जर्मन वाटे. देश जर्मनांच्या ताब्यात होता. दुकानदार तिला माल देईनात. ती कधी नॉर्वेबाहेर गेलीसुद्धा नव्हती. मेंदूतज्ज्ञ मोनराड-क्रोन यांनी 1947 मध्ये तिच्याविषयी लिहिलं. हुंकार, उसासा, नुसतं 'हं' यांतल्या सुरालाही त्यांनी भाषेच्या अभ्यासात जागा दिली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

सपाट आवाजाचा सर्वांत मोठा धोका मला वेगळाच वाटतो. असा रुग्ण "मला जगावंसं वाटत नाही" हेही भाजी सांगितल्यासारखं बोलू शकतो, आणि ऐकणारा ते मनावर घेत नाही. उलट, मनाने ठीक असलेल्या माणसाला नैराश्य आलंय असंही वाटू शकतं. तेव्हा आवाजावर न जाता शब्दांवर विश्वास ठेवायचा, भूक-झोपेची चौकशी करायची आणि डॉक्टरांना या बदलाविषयी आपण होऊन सांगायचं.

उपचारांचे प्रयत्न झाले आहेत. एका पद्धतीत वाचा-उपचारतज्ज्ञ रुग्णाबरोबर एकाच सुरात वाक्य म्हणतो आणि आधार हळूहळू काढून घेतो. दुसऱ्या पद्धतीत कार्डं वापरतात: भावनेचं नाव, त्या भावनेत आवाज कसा लागतो याचं वर्णन, आणि चेहऱ्याचं चित्र. काही रुग्णांना गुण येतो. मावशीला थोडाच आला.

त्या शिक्षिकेची गोष्ट मी मावशीला आणि सुनेला सांगितली होती. परवा थोरल्याने पगारातून साडी आणली. मावशी म्हणाली, "छान आहे." तो उठू लागला, तसा तिने उजव्या हाताने त्याचा हात धरला आणि त्याच सपाट आवाजात म्हणाली, "थांब. मला फार आनंद झालाय. खरंच झालाय." तो परत तिच्याजवळ बसला आणि साडीची घडी उलगडू लागला.